अख्खी गाडी

मराठी समीक्षेची परिभाषा बारकाईने पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. कवितेची घडण, कादंबरीची बांधणी, कथेचा घाट, ठरीव साचा, दोन प्रसंगांमधील सांधा, ओतीव शैली हे आपले नित्याचे शब्द बहुतांशी लोहार, सुतार, गवंडी, कुंभार आणि ओतारी यांच्याकडून आलेले आहेत. वर्गात ते उच्चारणाऱ्या आपल्यापैकी फारच थोड्यांनी ऐरण जवळून पाहिलेली असते. रूपक इतके जुने झाले आहे की ते रूपक आहे याचाच विसर पडावा. गेली दोन वर्षे आम्हांला या शब्दांचे मूळ अर्थ डोळ्यांसमोर पाहता आले. निगडी प्राधिकरणात आमच्या शेजारच्या घराच्या पोर्चमध्ये एक गाडी घडत होती. त्या गाडीविषयी, आणि तिच्या निमित्ताने पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातील निर्मितीविषयी काही लिहावे असे वाटते.

गाडी म्हणजे नेहमीची मोटार नव्हे. इंग्रजीत अशा वाहनाला रॉक क्रॉलर म्हणतात. खडकांच्या राशीवरून, एकेक चाक चाचपत, माणसाच्या चालीपेक्षाही मंद गतीने चढून जाणे एवढेच तिचे काम. तिला पत्र्याचे अंग नसते, दारे नसतात, काचा नसतात. पाईपांचा पिंजरा, त्यात दोन आसने, इंजिन, आणि चार अवाढव्य चाके. शेजारच्या घरातील नातवंडांनी तिचे नाव 'घोरपड' ठेवले, आणि सिंहगडाची गोष्ट ऐकून वाढलेल्या मुलुखात याहून योग्य नाव सापडले नसते.

या घोरपडीचा वंश विलीज जीपपर्यंत जातो. १९४१ पासून अमेरिकी सैन्यासाठी मोठ्या संख्येने बनलेली ही गाडी युद्धानंतर शेतकऱ्यांच्या आणि हौशी लोकांच्या हाती आली. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा पर्वतातील रुबिकॉन नावाच्या खडकाळ वाटेने जीपगाड्यांची पहिली मोठी सामुदायिक फेरी १९५३ साली निघाली. तेथून पुढे खडक चढण्यासाठीच गाडी बदलण्याची, आणि मग मुळापासून नवी बांधण्याची हौस वाढत गेली. आपल्याकडे महिंद्रांनी १९४७ पासून विलीज जीपची जुळणी सुरू केली. 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' ही मूळची मलेशियातील चिखल-पावसाची स्पर्धा २०१४ पासून गोव्यात भरू लागली, आणि आकुर्डीच्या फोर्स मोटर्सने आपल्या 'गुरखा' गाडीच्या नावाने काही वर्षे तिला पाठबळ दिले. थोडक्यात, ही हौस दूरदेशीची असली तरी आमच्या पट्ट्याला परकी नाही.

पण तिचे आमच्या पट्ट्याशी असलेले खरे नाते वेगळे आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज आले. १९६६ साली टेल्कोने पिंपरीत पाय रोवले, आणि सुमंत मुळगावकरांच्या दृष्टीमुळे तेथे यंत्रहत्यारे आणि कारागिरांचे प्रशिक्षण यांवर सुरुवातीपासून भर राहिला. पुढे येथूनच १९९४ साली 'सुमो' बाहेर पडली, जिच्या नावात मुळगावकरांच्याच नाव-आडनावाची अक्षरे आहेत. १९९८ साली 'इंडिका' आली. चाकणला बजाजपाठोपाठ २००९ साली फोक्सवॅगन आणि २०१० साली महिंद्रा आले. सांगली, सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेश येथून माणसे आली, आयटीआयचा दाखला घेऊन रांगेत उभी राहिली, आणि गाड्या बनवू लागली. या पट्ट्यात हजारो माणसे गाड्या बनवतात. पण अख्खी गाडी त्यांतील कोणीच बनवत नाही.

हे या पट्ट्यातील कोणा एका कारखान्याचे वैगुण्य नव्हे. हेन्री फोर्डने १९१३ साली सरकत्या पट्ट्यावर जुळणी सुरू केली तेव्हाच ते ठरून गेले. एक चासी जोडण्यास लागणारा साडेबारा तासांचा वेळ पुढच्या वर्षी ९३ मिनिटांवर आला, आणि त्याच हिशेबात एका माणसाच्या वाट्याला येणारे काम काही सेकंदांचे झाले. आजच्या कारखान्यात त्या सेकंदांना टॅक्ट टाइम म्हणतात. त्यामुळेच गाडी स्वस्त झाली, आणि पट्ट्यावर काम करणाऱ्यालाही ती घेता आली, हे विसरून चालणार नाही. तरीही काहीतरी गमावले गेले. आमचे शेजारी एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झाले. दरवाजाच्या आतल्या पत्र्याला आकार देणाऱ्या डाय तयार करण्यात त्यांचे आयुष्य गेले. ते तक्रार म्हणून नव्हे, नोंद केल्यासारखे एकदा म्हणाले, "सर, रस्त्यावर दिसणाऱ्या कितीतरी गाड्यांत आपलं काहीतरी आहे. पण एकही गाडी आपली नाही." मराठी साहित्याच्या अध्यापनात आम्ही मर्ढेकरांच्या निमित्ताने यंत्रयुगाविषयी बरेच बोलतो, यंत्रावर माया करणारा, पण त्याचा एक तुकडाच वाट्याला आलेला हा माणूस आमच्या टिपणांत कुठेच बसत नव्हता.

प्रत्यक्ष बांधणी पाहताना पहिला धक्का क्रमाचा बसला. आमची समजूत अशी की आधी सांगाडा उभा राहत असेल आणि मग त्यात बाकीच्या गोष्टी बसत असतील. घडले ते उलटे. प्रथम पोर्चच्या फरशीवर खडूने गाडीची आकृती तिच्या खऱ्या मापात काढली गेली. मग जुन्या जीपचे दोन्ही ॲक्सल चाकांसह त्या आकृतीवर मांडले. त्यानंतर जिप्सीचे १२९८ सीसीचे पेट्रोल इंजिन साखळीने टांगून, जितके खाली आणि जितके मागे नेता येईल तितके नेऊन, लाकडी ठोकळ्यांवर टेकवले. आसनाच्या जागी एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली. आणि मग मधल्या पोकळीत पाणीपुरवठ्याचे पीव्हीसी पाईप दोरीने बांधून पिंजऱ्याचा अंदाज घेतला गेला. चाक पूर्ण वर उचलले गेले तर पाईपला लागेल का, उलटल्यावर डोके आत राहील का, तळाशी इंजिनाचे पोट खडकाला घासेल का, या प्रश्नांतून प्रत्येक पाईपची जागा ठरत गेली. घाट हा आशयावर बाहेरून चढवलेला नसून आतील ताणांतून सिद्ध होतो, हे वाक्य आम्ही फळ्यावर अनेक वेळा लिहिले असेल. ते पीव्हीसीच्या पाईपात बांधलेले प्रथमच पाहिले.

मग पोलादी पाईप आले. ते सीमलेस हवेत, म्हणजे लांबीभर जोड नसलेले, कारण उलटणाऱ्या गाडीचा भार जोडावरच आधी फुटतो. भोसरीत जॉबवर्क करणाऱ्या एका शेडमध्ये ते वाकवून आणले. जेथे एक पाईप दुसऱ्याला भिडतो तेथे त्याचे तोंड दुसऱ्याच्या गोलाईत बसेल असे माशाच्या तोंडासारखे कापावे लागते; फट राहिली तर वेल्डिंगने ती बुजते, पण जोड दुबळा होतो. कानस घेऊन शेजारी एकेका तोंडावर तास तास बसत. गुण्या लावून पाहत, ओळंबा सोडून पाहत, पुन्हा कानस. चौकटीत जेथे शक्य तेथे तिरपा पाईप टाकून त्रिकोण केला जाई, कारण चौकोन दाबाखाली कलतो, त्रिकोण कलत नाही. आणि सगळा पिंजरा आधी फक्त टाक्यांवर उभा राहिला. टाका म्हणजे वेल्डिंगचा एक ठिपका. शिवणातला टाका आणि हा टाका एकच शब्द, एकच वृत्ती: आधी धरून ठेवायचे, मग पक्के करायचे. पक्के करतानाही एका बाजूने सरळ जात नाहीत. तापलेले लोखंड थंड होताना आकसते आणि सगळी चौकट आपल्याकडे ओढते, म्हणून एक जोड डावीकडचा, दुसरा उजवीकडचा, मधे थांबायचे. एकदा त्यांचा भाचा घाईत होता. त्याला त्यांनी एवढेच सांगितले, "बाबा, लोखंडाला उन्हाळा सोसतो, पण तो ते विसरत नाही."

भाचा मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, आणि 'बाहा' स्पर्धेसाठी गाडी बनवणाऱ्या कॉलेजच्या चमूत होता. एसएई इंडियाची ही स्पर्धा २००७ साली मध्य प्रदेशात इंदूरजवळच्या पीथमपूर येथे सुरू झाली. मुलांनी खडबडीत जमिनीवर चालणारी एक आसनाची गाडी आपली आपण आखायची, बांधायची, आणि शेवटी चार तासांच्या शर्यतीत ती टिकवायची. त्यामुळे मामाकडे हात होता आणि भाच्याकडे आकडेमोड, आणि या दोन विद्यांचे भांडण ऐकणे हा आमचा संध्याकाळचा आनंद होता. त्यातील एक आकडेमोड वाचकांनाही आवडेल. गाडीच्या पहिल्या गिअरचे प्रमाण, ट्रान्सफर केसमधील मंद गिअरचे प्रमाण आणि ॲक्सलचे प्रमाण यांचा गुणाकार केला की इंजिनाच्या किती फेऱ्यांत चाकाची एक फेरी होते ते कळते. जुन्या सीजे-३बी जीपमध्ये तो २.८, २.४६ आणि ५.३८ यांचा गुणाकार, म्हणजे सुमारे ३७ येतो. इंजिन मिनिटाला हजार फेऱ्या मारत असेल तर चाक २७ फेऱ्या मारते. ३३ इंची टायर लावला तर गाडी ताशी चार किलोमीटरच्या थोडी वर, म्हणजे माणसाच्या चालीने जाते. खडकासाठी हेही जलद. खडक चढणाऱ्या गाड्या हा गुणाकार शंभराच्या आसपास किंवा पुढे नेतात, आणि मग वेग ताशी दीड किलोमीटरवर उतरतो. जेथे सगळे शहाणपण सेकंद वाचवण्यात खर्ची पडते त्या पट्ट्यात एक माणूस आपले सारे कौशल्य गाडी सावकाश जावी म्हणून पणाला लावत होता.

सावकाशपणाचे कारण समजून घ्यावे लागते. साध्या गाडीतील डिफरन्शियल वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. खडकावर एक चाक अधांतरी झाले की सगळी शक्ती त्या मोकळ्या चाकात वाया जाते, आणि जमिनीला टेकलेले चाक स्तब्ध राहते. म्हणून ते डिफरन्शियल बांधून टाकतात. दोन्ही चाके एकच होतात. अशी गाडी डांबरी रस्त्यावर वळताना अडखळते, टायर घासते. पण खडकावर टेकलेले एक चाक सगळ्यांना ओढून नेते. टायरमधील हवा दहा-बारा पौंडांपर्यंत उतरवतात, म्हणजे रबर खडकाच्या आकारात दबून त्याला धरते, आणि ते रिमवरून निसटू नये म्हणून कडेने बोल्टांची कडी आवळतात. ॲक्सल चार दांड्यांवर असा तोलतात की एक चाक खड्ड्यात उतरले आणि दुसरे कमरेइतक्या दगडावर चढले तरी चारही टेकलेली राहावीत. रस्त्यावर जे गुण ते येथे दोष, आणि रस्त्यावरचे दोष ते येथे गुण.

आणि येथेच कायद्याचा प्रश्न येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येनुसार मोटार वाहन म्हणजे रस्त्यावर वापरण्याजोगे केलेले यांत्रिक वाहन. कारखान्याच्या किंवा अन्य बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी केलेली विशेष प्रकारची वाहने त्या व्याख्येतून वगळली आहेत. कलम ५२ नुसार नोंदणीकृत गाडीत निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हे पुन्हा स्पष्ट केले. यामागील कारण सबळ आहे: घरी जोडलेल्या गाडीचा ब्रेक रस्त्यावर निकामी झाला तर त्याची किंमत तिसराच माणूस मोजतो. आमचे शेजारी या बाबतीत कायद्याहून कडक आहेत. घोरपडीने आजवर डांबराला चाक लावलेले नाही. ती दुसऱ्या गाडीवर बांधून मावळातील एका परिचितांच्या खाजगी माळावर जाते. गवताळ सडे आणि गडांच्या वाटा यांवर गाड्या नेणाऱ्यांविषयी ते जे बोलतात ते येथे लिहिण्याजोगे नाही.

तरी 'निर्माता' या शब्दापाशी आम्ही अडखळतो. कायद्याच्या भाषेत निर्माता तो, ज्याच्या नमुन्याला मान्यता मिळते. त्या मान्यतेसाठी चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून याच पुण्यात आहे. म्हणजे पाईपचे प्रत्येक तोंड कानशीने घासणारा निर्माता ठरत नाही. शिवाय घोरपडीचा जो मुख्य गुण, रस्ता नसणे, तोच तिला वाहनाच्या व्याख्येबाहेर ठेवतो. आपल्या काव्यशास्त्रात 'मार्ग' आणि 'देशी' असा जुना भेद आहे, आणि मार्गाबाहेरचे ते गणतीत धरावे की नाही हा वादही तितकाच जुना. शब्दशः मार्ग सोडलेल्या एका यंत्राने तो आमच्या दाराशी आणून उभा केला.

हा प्रश्न एकट्या निगडीचा नाही. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हट्टासाठी भंगारातील भाग जोडून एक छोटी जीप बनवली. मोटरसायकलसारखी लाथेने सुरू होणारी ती गाडी सुमारे साठ हजार रुपयांत तयार झाल्याचे वृत्त डिसेंबर २०२१ मध्ये सर्वत्र पसरले. आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले, ती नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या ती थांबवली जाईल हेही लिहिले, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये तो व्यवहार पुराही झाला. बातमी गोड होती. आम्हांला मात्र त्यात लोहार हे आडनाव दिसत राहिले. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' (१९१५) लिहिला तेव्हा लोहार गावाच्या गाड्याचे लोखंड सांभाळत होता. गोवऱ्यांच्या जाळात लाल केलेली धाव लाकडी चाकावर चढवून वर पाणी ओतायचे, की ती आकसून चाकाचे आरे आणि तुंबा घट्ट धरते. धावणे आणि चाकाची लोखंडी धाव यांना मराठीत एकच शब्द आहे. देवराष्ट्र्यापासून फार दूर नसलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, आणि त्याच कारखान्याचे १९२० साली सुरू झालेले 'किर्लोस्कर खबर' हे पत्रक पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. म्हणजे एकेकाळी या भाषेत नांगराचा कारखाना आणि वाङ्मयीन मासिक एका आवारात नांदत होते. आज ते अंतर किती वाढले आहे, हे सांगण्याची गरज नाही.

घरी गाडी बांधणाऱ्याला आणखी एक गोष्ट लागते: भंगार. घोरपडीचे निम्मे शरीर चिखलीजवळच्या कुदळवाडीतून आले. कारखान्यांनी टाकलेले पाईपचे तुकडे, पट्ट्या, मोडीत काढलेल्या गाड्यांचे ॲक्सल, दांडे, बेअरिंग. पत्र्याच्या शेडमागून शेड, आणि प्रत्येक शेडमधला माणूस आपल्या ढिगाचा जणू ग्रंथपाल. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखलीतील अशी हजारो बांधकामे पाडली. ती अनधिकृत होती, तेथे वारंवार आगी लागत, धूर आणि सांडपाणी यांचा आसपासच्या वस्तीला त्रास होता, हे सारे खरे. तेथे पोट असलेल्या माणसांचे काय झाले हा प्रश्न मोठा आहे आणि त्यापुढे एका हौशी गाडीचे दुःख क्षुल्लक. पण कारागिराच्या बाजूने पाहता त्या आठवड्यात एक संदर्भग्रंथालय गेले. आता हवा तो भाग नवा घ्यावा लागतो, आणि नवा भाग घेणाऱ्याला तो काय होता, कशाचा होता, हे वाचावे लागत नाही.

घोरपड पहिल्यांदा माळावर चालली तेव्हा आम्ही हजर होतो. कमरेइतकी उंच, काळ्या बेसाल्टची एक पायरी होती. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, पावसाने शेवाळलेला तुकडा. पुढचे उजवे चाक दगडाला टेकले, रबर दबले, इंजिनाचा आवाज यत्किंचितही न वाढता चाक वर सरकू लागले. पिंजरा एका बाजूला कलला, डावे चाक खड्ड्यात लांबपर्यंत उतरले, आणि चारही चाके जमिनीलाच राहिली. दहा फुटांना चार मिनिटे लागली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारी खाली उतरले, पिंजऱ्याखाली आडवे झाले, आणि प्रत्येक जोडावरून अंगठा फिरवून पाहू लागले. एखाद्या लेखकाने आपले छापून आलेले पान वाचावे तसे ते वाटले. फरक इतकाच की चूक असती तर तिला अर्थाची पळवाट नव्हती.

या साऱ्यातून साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक काम निघते असे आम्हांला वाटते. जानेवारी २०१६ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरी-चिंचवडला भरले. तेव्हा या नगरीच्या श्रमसंस्कृतीचा गौरव पुष्कळ झाला असणार, पण या संस्कृतीचा शब्दकोश अजून आमच्या पाहण्यात नाही. मोल्सवर्थच्या एकोणिसाव्या शतकातील कोशात बलुतेदारांचे शब्द नोंदलेले सापडतात. भोसरीच्या शेडमधले शब्द कोण नोंदणार? टाका, गुण्या, आटा, कानस हे जुने. 'सीओटू मारणे', 'जॉब बांधणे', 'माल रिजेक्ट पडणे' हे नवे. आणि यांच्या मधले, दोन पिढ्यांनी घासून मराठी केलेले 'वायसर' आणि 'पाना'. त्यांतील काही शब्द कुदळवाडीच्या शेडांबरोबर विखुरलेच असतील. आम्ही शेजारच्या पोर्चमध्ये बसून आजवर दोनशेच्या आसपास शब्द वहीत उतरवले आहेत. त्यांपैकी कित्येक शब्दांना समीक्षेत कधी जागा मिळेल, कधी नाही. पण जे मिळतील ते वापरणाऱ्याने त्यांचा पहिला धनी कोण हे एकदा विचारावे. घोरपडीला नंबरपाटी नाही आणि मिळणारही नाही. पिंजऱ्याच्या आतल्या बाजूला मात्र, सहज दिसणार नाही अशा ठिकाणी, अक्षरांच्या पंचने ठोकलेले शेजाऱ्यांचे पूर्ण नाव आहे. पस्तीस वर्षांच्या नोकरीत ते त्यांनी कशावरही ठोकले नव्हते.